गडावर बाटलीमागे डिपॉझिट घ्यायचं म्हणतोय. कसं जमवावं?

मंगळगंगा

नमस्कार मंडळी. मी हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, पाचनईच्या अंगाला राहते. खाली घरची खानावळ आहे आणि शनिवार-रविवार वर गडावर टपरी. पिठलं-भाकरी, कांदाभजी, लिंबू सरबत, आणि पाण्याच्या बाटल्या. बाटल्या मी स्वतः विकते हे पहिल्यांदाच सांगते, कारण विचारायचं आहे ते त्याबद्दलच.

मे महिन्यात आमची म्हैस दोन दिवस घरी आली नाही, तिला हुडकत तारामती शिखराच्या खालच्या अंगाला कारवीच्या झुडपांत शिरले होते. तिथं एक लिटरची बाटली उतारावर पडलेली, तोंड चढाकडे, बूच नाही. उचलली तर आत काहीतरी डुचमळलं. वळवाचं दोन बोटं पाणी साचून काळं झालेलं, आणि वास असा की हात लांब धरावा लागला. उन्हाकडे करून बघितलं तर तळाशी सापसुरळी, फुगून पांढरी पडलेली, आणि तिच्या अंगावर काळे किडे. मी मोजले. अकरा होते. आठ मेलेले, तीन जिवंत. ते तिघे बाटलीच्या भिंतीवर चार बोटं चढायचे, घसरायचे, परत त्या पाण्यात. विळ्यानं बाटली उभी चिरली आणि त्यांना पाचोळ्यावर सोडलं.

मग लेबल दिसलं. त्यावर मार्करनं ‘मं’ लिहिलेलं. क्रेट फोडला की मी प्रत्येक बाटलीवर ‘मं’ लिहिते, कारण शेजारच्या टपरीचा माल आणि माझा एकाच सावलीत ठेवतो, नंतर वाद नकोत. ती माझी बाटली होती. माझ्या डोक्यावरून वर गेलेली आणि मी पैसे घेऊन दिलेली.

तेव्हापासून झोपताना ते तीन किडे डोळ्यापुढे येतात. हे कालव्याच्या काठचं रान नाही, अभयारण्य आहे. शेकरू आहे, भेकर आहे, रानमांजर आहे, आणि नावं कुणाला माहीत नाहीत असे हजार बारीक जीव आहेत. त्यांच्या रानात मी सापळे विकतेय असं वाटायला लागलं.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत बचत गटाच्या आम्ही सात जणी विषय मांडणार आहोत. बाटलीमागे डिपॉझिट घ्यायचं, रिकामी परत आणली की पैसे परत. पण अडचणी आहेत:

लोक खिरेश्वरकडून तोलार खिंडीनं चढतात आणि आमच्याकडे उतरतात, किंवा उलट. खिरेश्वर जुन्नर तालुक्यात, आम्ही अकोल्यात. जिल्हेच वेगळे. पैसे एकीकडे घेतले आणि बाटली दुसरीकडे आली तर? शिवाय पुण्या-मुंबईहून लोक स्वतःच्या बाटल्या आणतात, त्यांचं काय? किती रुपये ठेवावेत? आणि ती २०० मिलीची बारकी बाटली. टेम्पोवाला ती क्रेटमागे सूट देऊन गळ्यात मारतो, लग्नाच्या पंगतीसारखी वाटली जाते, दोन घोटांत संपते आणि जिथं संपली तिथंच पडते.

कुणी कुठं असं होताना पाहिलं असेल तर सविस्तर सांगा. ऐकीव नको, बघितलेलं सांगा.

सह्यवारी

ताई, वाचून गलबललं. आमचा ग्रुप दर पावसाळ्यानंतर एकेका गडावर सफाई करतो. माझं मत सरळ आहे, बाटलीबंद पाण्यावर गडावर पूर्ण बंदी घाला. डिपॉझिटचा हिशेब कोण ठेवत बसणार?

बाकी बघितलेलं म्हणाल तर केदारनाथच्या वाटेवर. २०२२ च्या यात्रेपासून तिथं बाटलीवर क्यूआर कोडचा स्टिकर असतो, १० रुपये जादा घेतात आणि रिकामी परत दिली की १० रुपये मिळतात. मी स्वतः दोन बाटल्या देऊन पैसे घेतले. खेचरवाल्यांची पोरं वाटेवरच्या टाकलेल्या बाटल्या गोळा करून आणत होती ते पाहिलं.

मंगळगंगा

दादा, बंदीचा विचार आम्हीही आधी केला. पण मार्चनंतर वरचं पाणी बघितलंय का? पुष्करणीचं पाणी हिरवं होतं, ते पिऊन माणूस आजारी पडला तर त्याला चादरीच्या झोळीत घालून खाली आणायला आमचीच पोरं लागतात. कोकणकड्यावर दुपारी बारा वाजता चक्कर आलेल्या पोरीला मी काय सांगू, बंदी आहे? आधी पाण्याची सोय, मग बंदी. आत्ता सोय नाही, म्हणून बाटली आहे तर ती मोजून परत यावी एवढंच मागते.

खेचरवाल्यांच्या पोरांचं मात्र मनात ठेवलं. आमच्याकडेही शाळकरी पोरं शनिवारी वर येतातच.

सर्पमित्र जुन्नर

ताईंनी किडे मोजले म्हणून मी साप सांगतो. गेल्या सहा-सात वर्षांत थंड पेयाच्या नाहीतर बिअरच्या डब्यात डोकं अडकलेले चार साप सोडवलेत, तीन नाग आणि एक धामण. डब्याच्या तोंडाची कड धारदार असते. सापाचे खवले मागच्या दिशेला मिटलेले असतात, त्यामुळं आत शिरताना तो सरळ जातो आणि मागं यायला लागला की खवले कडेत अडकतात. जितका ओढेल तितकी कड मानेत रुतते. लोक शेपूट धरून ओढतात, ते कधीच करू नका. एकानं अंग धरायचं, दुसऱ्यानं पत्रा कापायच्या कात्रीनं डबा मागून पुढं कापत आणायचा, कडेला पोचल्यावर आत कापूस सरकवायचा आणि मग शेवटचा कट. नाग डब्यात असतो तोवर शांत वाटतो, सुटला की फणा काढतो, तयारीत राहायचं.

म्हणून प्लास्टिक बंद करून पत्र्याचे डबे येणार असतील तर त्यात आमच्या जनावरांचा फायदा नाही. नियम सगळ्याच रिकाम्या भांड्यांना हवा. बदलापूरजवळ फेब्रुवारी २०२२ मध्ये बिबट्याच्या बछड्याचं डोकं पाण्याच्या प्लास्टिकच्या बरणीत अडकलं होतं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. दोन दिवस तो तसाच फिरत होता, ना पाणी ना श्वास धड. तो मोठा जीव म्हणून बातमी झाली. सापसुरळीची कोण करणार?

प्राणिशास्त्र शिकवलेला

बाटलीत अडकून मरणाऱ्या बारीक जीवांची नोंद जुनी आहे. १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये मॉरिस आणि हार्पर या दोघांनी टाकून दिलेल्या दुधाच्या बाटल्या तपासून त्यात मेलेल्या लहान सस्तन प्राण्यांवर लेख लिहिला होता. तेव्हा बाटल्या काचेच्या होत्या, पण घडतं तेच. ताईंनी ‘तोंड चढाकडे’ हे नेमकं टिपलं आहे आणि सगळी गोम तिथंच आहे. बाटली आडवी सपाट पडली तर प्राणी आत जाऊन बाहेरही येऊ शकतो. तोंड वरच्या बाजूला असलं की गळ्यापासून आत उतार आणि गुळगुळीत भिंत, नखं टेकत नाहीत. तळाला गोड पेयाचे थेंब नाहीतर पावसाचं पाणी. पहिला जीव मेला की त्याच्या वासानं मांस खाणारे किडे येतात, किड्यांसाठी चिचुंद्री नाहीतर सापसुरळी येते. एक बाटली महिनोन्‌महिने माल गोळा करत राहते.

त्यामुळं एक सूचना. बूच लावलेली बाटली आत कुणाला घेत नाही. डिपॉझिट परत देताना बूच लावलेलीच बाटली घ्या, बूच नसेल तर पैसे कमी. बूच सुटं पडलं तर ते वेगळं संकट, पक्षी आणि गुरं ते गिळतात.

श्वार्झवाल्डमधून

बुचाचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी मूळची नाशिकची, जर्मनीत अकरा वर्षं. युरोपीय संघाच्या २०१९ च्या प्लास्टिक निर्देशाप्रमाणे जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या प्लास्टिक बाटलीचं बूच बाटलीलाच जोडलेलं ठेवावं लागतं. उघडलं की ते बाजूला लटकतं. पहिले काही दिवस गालाला लागायचं, आता सवय झाली. समुद्रकिनाऱ्यावर सापडणाऱ्या कचऱ्यात बुचं फार असायची, म्हणून हा नियम आला.

डिपॉझिट इथं २००३ पासून आहे, त्याला प्फांड म्हणतात. एकदाच वापरायच्या बाटलीवर नि डब्यावर २५ सेंट, म्हणजे आपले वीस रुपयांहून जास्त. पाण्याची स्वस्त बाटली घेतली तर कधी कधी आतल्या पाण्यापेक्षा डिपॉझिट महाग असतं. दुकानात मशीन असतं, बाटली घातली की चिठ्ठी येते, ती बिलातून वजा होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाटली कुठल्याही गावात घेतली तरी कुठल्याही गावात परत देता येते. तुमच्या खिरेश्वर-पाचनईच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यात दिसतं. दोन्ही गावांनी एकमेकांच्या बाटल्या घ्यायच्या आणि महिनाअखेर हिशेब करायचा.

माझा मुलगा पाच वर्षांचा असल्यापासून बागेत पडलेली बाटली उचलून आणतो. त्याला जंगलाविषयी कुणी शिकवलेलं नाही, त्याला २५ सेंट माहीत आहेत.

किराणा होलसेल

मी तालुक्याच्या ठिकाणी पाणी आणि शीतपेयांची एजन्सी चालवतो. राग मानू नका, पण कचरा करणारा मोकळा आणि विकणाऱ्यावर बोजा, हे पटत नाही. कंपन्यांना सरकारचा नियम आहे की, बाजारात टाकलेलं प्लास्टिक त्यांनीच गोळा करायचं. तो पैसा किमतीत आहेच. मग गावानं परत डिपॉझिट का घ्यायचं? महाराष्ट्रातही २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत बाटलीवर परतीची किंमत छापायची तरतूद होती, रुपया-दोन रुपये. माझ्या दुकानात आजवर एक गिऱ्हाईक ती मागायला आलेलं नाही.

मंगळगंगा

भाऊ, राग कशाला. तुम्ही म्हणता तेच आमचं दुखणं आहे. कंपनीचा नियम मला इथल्या एका शिक्षकांनी समजावून सांगितला. कंपनीनं किती टन प्लास्टिक गोळा केलं आणि पुनर्वापराला दिलं हे बघतात, आणि त्याची प्रमाणपत्रं विकत घेता येतात. मग ते टन कुठल्याही शहरातल्या गोदामातून भरले तरी चालतात. तारामतीच्या कारवीतली वीस-पंचवीस ग्रॅमची बाटली कोण कशाला आणायला येईल? कागदावर हिशेब पुरा होतो आणि बाटली कारवीतच. सरकारनं नियम केला ते बरंच झालं, पण तो नियम वजनाचा आहे. आम्हाला जागेचा हवा. अभयारण्यात, गडावर, नदीच्या काठाला बाटली गेली तर ती परत आलीच पाहिजे असा.

आणि दोन रुपयांसाठी तुमच्या दुकानात कोणी आलं नाही हे खरं असणार. कोकणकड्यावरून दोन रुपयांसाठी कोणी बाटली खाली आणणार नाही. म्हणून तर रक्कम विचारतेय.

भंगार संगमनेर

ताई, रक्कम मी सांगतो. माझा बाप सायकलवर भंगार गोळा करायचा, माझं आता गोदाम आहे. एक लिटरच्या रिकाम्या बाटल्या किलोला चाळीस-पन्नास बसतात. आमच्याकडे किलोचा भाव वीस-पंचवीस रुपये धरा. म्हणजे बाटलीला आठ आणे. रस्त्याकडेची बाटली पोरं उचलतात कारण पाच मिनिटात पोतं भरतं. गडावर तीन तास चढून आठ आण्याला कोण वाकणार? २०० मिलीची तर आणखी हलकी, किलोला शंभराच्या आसपास लागतात. आणि खोक्यातला ज्यूस, कागद-प्लास्टिक-चंदेरी पत्रा चिकटवलेला, तो आम्ही हातात पण घेत नाही, आमच्याकडे त्याला गिऱ्हाईकच नाही. रानात सगळ्यात जास्त काय पडलंय बघा. जे आम्ही घेत नाही तेच असणार.

तर मोठ्या बाटलीवर २० ठेवा आणि २०० मिली गावात आणूच नका. खोक्यावर पण २० ठेवा, रिकामं वजन बघू नका. दिवाळीनंतर माझी गाडी राजूरला येते, तुमच्या गटाच्या बाटल्या चेपून पोत्यात भरून ठेवल्या तर मी वाट वाकडी करून पाचनईला येईन. भाव रोख देईन. हिरव्या आणि पांढऱ्या वेगळ्या ठेवा, बुचं वेगळ्या पिशवीत, ते प्लास्टिक वेगळं असतं.

वेलिंग्टन छावणी

माझे मिस्टर लष्करात, आम्ही तीन वर्षं कुन्नूरजवळ वेलिंग्टनला होतो. निलगिरी जिल्ह्यात एक लिटरच्या प्लास्टिक पाणीबाटलीला २०१९ पासून बंदी आहे. घाटाच्या नाक्यावर गाडीत बाटल्या आहेत का बघायचे. आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या पिशवीतल्या दोन बाटल्या तिथंच ठेवून घेतल्या, बाबा चिडले होते. पण वर पोचल्यावर ठिकठिकाणी पाण्याची एटीएम यंत्रं होती, नाणं टाकून आपल्या बाटलीत पाणी भरायचं. मंगळगंगाताई म्हणतात ना, आधी पाण्याची सोय, ते मी तिथं पाहिलं.

दुसरी गोष्ट काचेची. तामिळनाडूत दारूची दुकानं सरकारी आहेत. जंगलात फेकलेल्या बाटल्यांच्या काचा हत्तींच्या पायात घुसत होत्या. मद्रास उच्च न्यायालयानं विषय लावून धरला आणि मे २०२२ पासून निलगिरीत बाटलीमागे १० रुपये जादा घेऊन, रिकामी परत केली की ते परत द्यायला सुरुवात झाली. हत्तीचा तळपाय दिसायला दगडासारखा, पण आत गादीसारखा मऊ असतो. काच रुतून जखम चिघळली की एवढं मोठं जनावर चालायचं थांबतं, आणि हत्ती चालला नाही तर तो जगत नाही.

गोव्यानंही २०२४ मध्ये डिपॉझिट परताव्याची योजना अधिसूचित केली आहे. आपल्या राज्यात रुपया-दोन रुपयांवर थांबलेली गोष्ट पुढं न्यायला हरकत नाही. तोवर गावानं सुरुवात केली तर दाखवायला तरी काही असेल.

मंगळगंगा

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही ठरवलं होतं.

ग्रामसभेत दोन तास चर्चा झाली. टपरीवाल्यांपैकी चौघं विरोधात होते, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. मी त्या चिरलेल्या बाटलीचे दोन तुकडे जपून ठेवले होते, ते नेले होते. बोलून जे झालं नसतं ते ती हातोहात फिरवून झालं. शेवटी बाटलीला आणि ज्यूसच्या खोक्याला २० रुपये ठरले, आणि २०० मिली बंद. वनसमितीची पावती फाडतात तिथंच बाहेरून आणलेल्या बाटल्याही मोजायच्या आणि तेच डिपॉझिट घ्यायचं. पैशाचा डबा आणि वही बचत गटाकडे.

पहिला शनिवार फसला. स्टिकर छापून आणले होते, ते पावसात दुपारपर्यंत गळून गेले. संध्याकाळी लोक बाटल्या घेऊन उभे, आमच्याकडे ओळखायला काही नाही, आणि रांगेत आवाज चढले. त्या दिवशी लोकांनी आणलेल्या सगळ्या बाटल्यांचे पैसे आम्ही दिले, गटाचे तेराशे रुपये गेले. रात्री सासूबाई म्हणाल्या, गुरांच्या शिंगाला लावतो तो रंग लाव. दुसऱ्या शनिवारपासून गळ्याखाली ऑइल पेंटचा भगवा ठिपका. पावसात टिकतो, लांबून दिसतो, आणि खोक्यावर पण बसतो. ठिपका लावला की पाच मिनिटं वाळवायला ठेवायचं एवढंच.

तिसऱ्या आठवड्यात २१४ ठिपके लावले, १८९ परत आल्या. बूच नसलेल्या बाटलीचे १५ देतो, त्यामुळं लोक बूच खिशात जपतात. न आलेल्या पंचवीसपैकी सोळा आमच्या शाळेच्या पोरांनी रविवारी हुडकून आणल्या. कोकणकड्याच्या डाव्या अंगाला, जिथं तंबू लागतात तिथं. त्यांना वीस-वीस रुपये दिले, त्यातल्या एकानं वहीवर सही करायचा हट्ट धरला.

काल एक बाटली अशी आली की तिच्यावर ठिपका नाही, लेबल उडालेलं, प्लास्टिक पिवळं पडलेलं. पोरगी म्हणाली, आत काहीतरी आहे म्हणून आणली. रिकामी करून बघितली, तर कोळ्याचं जाळं आणि त्यात जिवंत कोळी होता. बाहेर सोडला. त्या पोरीला वीस रुपये डब्यातून नाही, माझ्याकडचे दिले.

खिरेश्वरच्या टपरीवाल्यांशी बोलणं झालं आहे. त्यांचा ठिपका निळा असणार, दिवाळीच्या गर्दीपासून चालू. भगवा तिकडे चालेल, निळा इकडे. हिशेब महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तोलार खिंडीत भेटून करायचा.

तोवर जे खिरेश्वरकडून चढतील त्यांना विनंती, तुमच्या बाटल्यांवर ठिपका नसला तरी खाली पाचनईला आमच्याकडे द्या. पैसे मिळणार नाहीत, पण बाटली घेऊ आणि माठातलं पाणी देऊ. संगमनेरच्या भाऊंनी येताना रिकामी पोती आणावीत, आमच्याकडची संपली आहेत.